तीन महिन्यांनी घडी बदला

त्यांच्या हातात कागद द्यायची सोय नव्हती. बिल द्या, बसचं तिकीट द्या, चहाचा रिकामा कागदी पेला द्या, दोन मिनिटांत त्याची घडी झालेली असायची, आणि तीही अशी की कडेला कड तंतोतंत भिडलेली. बोलताना, ऐकताना, नुसतं रस्त्याकडे बघतानाही त्यांची बोटं काहीतरी दुमडत असायची. मी माझं पहिलं पत्रक त्यांना वाचायला दिलं तेव्हा त्यांनी मजकुराकडे पाहिलंच नाही. मधल्या घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगे, हे तू दर वेळी एकाच जागी दुमडतेस. फाटणार."

"आधी वाचा तर."

"वाचतो की. फाटलं तर काय वाचू?"

दुकानात दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या मुलींना बसायला स्टूल मिळावं, असं ते पत्रक होतं. तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलेलं. त्यांनी ते वाचलं, वेगळ्या जागी दुमडलं आणि परत दिलं. "चांगलं आहे. पण ओरडतेस फार. गिऱ्हाईक पळेल."

"हे गिऱ्हाइकासाठी नाही, मालकासाठी आहे."

"मालक पण कुणाचं तरी गिऱ्हाईकच असतो."

दुसऱ्या दिवशी ते घरून लाकडी स्टूल घेऊन आले. बस कंडक्टरशी भांडून, मांडीवर ठेवून. काउंटरच्या मागे ठेवलं, मालकाच्या देखत त्यावर पाच मिनिटं बसले, मग उठून आम्हा तिघी मुलींना म्हणाले, "पाळीपाळीने बसा." मालक बघत राहिला. त्यांना काही बोलण्याची त्याची हिंमत नव्हती. माझं पत्रक माझ्या पिशवीतच राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला होता.

दुकानात सगळे त्यांना रायर म्हणत. तंजावूरमध्ये आमच्या मराठी घरांतल्या पुरुषांना तमिळ माणसं तसंच म्हणतात, मग नाव काही का असेना. मीही त्याच मराठीतली. घरात बोलायची ती जुन्या वळणाची, अर्धी तमिळमध्ये भिजलेली मराठी, आणि लिहायचं सगळं तमिळमध्ये. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांमुळे शिकले. रायरांना ती वाचता येत नसे. माझे वडील विमा कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या संघटनेची पत्रकं लिहीत. घरी उशी कमी पडली तर पत्रकांचा गठ्ठा डोक्याखाली यायचा. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. वडिलांची शिस्त एकाच बाबतीत होती: जे छापलं, त्याला छापणारा जबाबदार. बाकी जेवणाखाण्याची, झोपण्याची आमच्याकडे शिस्तच नव्हती. पदवी झाल्यावर नोकरी मिळेना म्हणून मी या मोबाइलच्या दुकानात उभी राहिले. ज्या गोष्टींविरुद्ध लिहायचं त्याच विकायच्या, ही टोचणी घेऊन.

रायर मात्र त्या दुकानात आलेच नव्हते. ते तिथे होतेच. आधी ते पट्टूचं दुकान होतं, म्हणजे रेशमी साड्यांचं. मालकाच्या वडिलांचं. रायर तिथे तीस वर्षं गादीवर बसून साड्या उलगडत होते आणि पुन्हा दुमडत होते. म्हातारे मालक गेले, मुलाने गाद्या काढल्या, काचा बसवल्या, मोबाइल आणले. जुनी माणसं गेली. रायर भिंतीतल्या देवळीसारखे राहिले. मुलाने त्यांना निळा टी-शर्ट दिला, छातीवर कंपनीचं नाव असलेला. ते तो धोतरावर घालत.

काचेवर फोन ठेवून दाखवणं त्यांना मान्य नव्हतं. खिशातून पांढरा रुमाल काढायचे, काचेवर पसरायचे, त्यावर फोन ठेवायचे. "काच स्वतःच चमकते. मग माल कसा दिसेल?" गिऱ्हाईक चार फोन काढायला लावून काही न घेता गेलं तर आम्ही मनात शिव्या द्यायचो, ते रुमाल झटकून म्हणायचे, "शंभर साड्या उलगडून एक विकली जाते. नव्व्याण्णव दुमडायच्या, त्याचाच पगार." आणि विक्री झाली की फोनचा डबा पिशवीत घालून, हात जोडून ते काहीतरी पुटपुटायचे. ते काय असतं याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. द्यायला हवं होतं.

मग दुमडणारा फोन आला.

दाखवायचा एक नग, तारेने काउंटरला बांधलेला. पुस्तकासारखा उघडायचा. माझ्या जवळजवळ वर्षाच्या पगाराइतका महाग. मी त्याला पहिल्या दिवसापासून शत्रू मानलं. पडदा फुटला तर दुरुस्तीच्या खर्चात नवा साधा फोन येईल. मधल्या बिजागरीत धूळ गेली तर संपलं. आणि हे सगळं कशासाठी, तर खिशातली वस्तू थोडी मोठी दिसावी म्हणून. मी पत्रकाचं शीर्षकसुद्धा ठरवलं होतं: दुमडणारा फोन कुणासाठी?

रायरांना मात्र जणू आयुष्यभर वाट बघितलेली वस्तू मिळाली. ते त्याच्यापाशी उभे राहिले आणि उघड-मीट सुरू केली. टक्. टक्. टक्. सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत. आम्हा मुलींची डोकी उठायची. मालक केबिनमधून ओरडायचा, "रायर, मोडेल तो!"

"मोडायचा असेल तर इथेच मोडू दे ना मुदलाळी," ते मालकाला तमिळ पद्धतीने म्हणायचे. "लोकांच्या घरी जाऊन मोडण्यापेक्षा बरं."

मधूनच ते डोळे मिटून मधल्या वळावरून अंगठा फिरवत. साडीचा जर बघतात तसा. पट्टूची साडी एकाच घडीत वर्षानुवर्षं पडून राहिली की जर त्या रेषेवर चिरतो आणि साडी उघडली की घडीवर फाटते. म्हणून आमच्याकडे तीन-चार महिन्यांनी साड्या बाहेर काढतात, सावलीत वारा देतात आणि उलट्या बाजूने नवी घडी घालतात. घराघरांत हे चालतं. माझी आई, जिच्याकडे दोनच पट्टू आहेत, तीही हे करते.

"काय म्हणतो वळ?" मी टोमणा मारायची.

"आहे. पण चिरत नाहीये." आणि मग जणू मीच विकत घ्यायला आले आहे अशा काळजीने, "अजून बघू."

हे चालणार का, लोक घेणार का, यावर आमची रोज भांडणं. त्यांचं एक शास्त्रच होतं. छत्री दुमडती झाली आणि चालली, कारण पाऊस गेल्यावर ती धरून फिरायला कुणाला आवडत नाही. दुमडती खाट चालली, कारण घरं लहान आणि पाहुणे फार. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून दुमडती काठी आणली होती, ती चालली नाही. "का? काठी दुमडून ठेवली तर म्हातारा चालणार कसा? दुमडायला कारण पाहिजे, अगे. नऊ वार उघडं ठेवता येत नाही म्हणून घडी."

म्हणून तो फोन मागणाऱ्या प्रत्येकाला ते विचारायचे, "कसाला?" आमच्या बोलीत कशाला म्हणजे कसाला. तमिळ गिऱ्हाइकाला तमिळमध्ये तेच. विकायला बसलेल्या माणसाने असं विचारायचं असतं का? पण ते विचारायचे. एक भातगिरणीवाल्याचा मुलगा बुलेटवरून उतरून आला होता. त्याला विचारलं. तो गडबडला, मग हसून म्हणाला, "चुलत भावाच्या लग्नाला जायचंय तात्ता. चारचौघांत उघडायला."

"मग घे!" रायर खूश. रुमाल पसरला.

तो गेल्यावर मी तडकले. "दाखवण्यासाठी? एवढं महाग? आणि तुम्ही घे म्हणता?"

"लग्नातला पट्टू कसाला असतो? थंडी वाजते म्हणून?"

"पट्टू पन्नास वर्षं टिकतो."

"ते खरं," ते म्हणाले. बोटं माझ्या हातातल्या पावतीकडे गेली. दुमडून झाल्यावर म्हणाले, "शंभरात एकाला खरं कारण असेल. पण त्या एकाला असेल. तुझ्या पत्रकात त्या एकाची जागा ठेव."

मी ठेवली नाही.

शंभरातली ती एक विजयादशमीच्या आदल्या दिवशी आली. तिरुवैयारूच्या वीणा शिकवणाऱ्या टीचर, संगीतशाळेतून निवृत्त झालेल्या, आमच्याच मराठी घरच्या. पट्टूच्या काळापासूनचं दुकानाचं गिऱ्हाईक. हातात पिवळी कापडी पिशवी, धुऊन धुऊन तिच्यावरची लाल अक्षरं विटलेली. त्यांनी दुमडणारा फोन मागितला आणि रायरांनी विचारलं, "कसाला टीचर?"

"दोन्ही हात वीणेवर असतात म्हणून," त्या म्हणाल्या.

त्यांचे विद्यार्थी परदेशात. सकाळी सहाला त्या जमिनीवर बसून शिकवायच्या, फोन समोर पितळी कूजाला टेकवून. कूजा म्हणजे पाण्याचा तांब्या. फोन घसरायचा. "मुलांना अर्धा तास माझं छत दिसतं रे रायर. आणि मला त्यांची डावी बोटं दिसत नाहीत, वीणेच्या कोठल्या पडद्यावर पडतात ते. इतका लहान फोन."

मी मध्ये पडले. मला पडायलाच हवं होतं. "टीचर, पन्नास रुपयांचं स्टँड येतं. एवढा खर्च कशाला?" मी स्टँड आणून जमिनीवर ठेवलंसुद्धा. फोन वर बघत राहिला, टीचरांच्या हनुवटीकडे. "टॅब घ्या मग, मोठा."

"पापनाशमला आठवड्यातून दोनदा बसने जाते मी शिकवायला. टॅब, स्टँड, चष्मा, पुस्तकं, छत्री. हमाल ठेवू?"

रायरांनी तार सोडवली, धोतर सावरून जमिनीवर बसले, रुमाल पसरला आणि फोन अर्धा उघडून त्यावर ठेवला. तो उभा राहिला. आपणहून. खालचा अर्धा जमिनीवर, वरचा अर्धा टीचरांच्या तोंडाकडे वळलेला. वर मूल दिसेल, खाली धड्याचं पान. टीचरांनी मांडीवर नसलेल्या वीणेवर हात ठेवले, पडद्याकडे बघितलं, मान हलवली. "आता नीट बसली पोरगी."

इतका वेळ मी ज्याच्याविरुद्ध लिहीत होते, ते एका बाईसमोर शहाण्या मुलासारखं उभं होतं. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून तो घेतला. डबा मीच भरला, पिवळ्या पिशवीत घातला. रायरांनी हात जोडले, आणि या वेळी मी ऐकलं, कारण मी शेजारीच होते. तीस वर्षं साडी देताना म्हणायचं वाक्य, सवयीने, जिभेवरून आपोआप:

"तीन महिन्यांनी घडी बदला हं."

टीचर गेल्या. मी हसले. "रायर, फोनची घडी?"

ते पण हसले. "सवय, अगे. जीभ पट्टूच्या दुकानातच राहिली." आणि टक्, टक्, पुन्हा सुरू. आम्ही दोघंही हसलो, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. धावत जाऊन बस स्टॉपवर त्यांना गाठायला पाच मिनिटंही लागली नसती.

पोंगल झाल्यावर दहा-बारा दिवसांनी टीचर आल्या. तीच पिशवी. मालक बाहेरच होता. त्यांनी फोन काढला. पडदा मधोमध काळा, कडेने हिरव्या रेघा, बिजागरी तिरकी. त्या रागावल्या नव्हत्या. ओशाळल्या होत्या. "घडी नीट बसली नाही," त्या म्हणाल्या.

पोंगलनंतर त्यांनी सगळे पट्टू बाहेर काढले होते. उलट्या घड्या घातल्या. मग फोन घेतला, धुतलेला पंचा पसरला आणि त्याला हळूहळू बाहेरच्या बाजूने दुमडायला लागल्या. "नवी घडी आधी अडतेच ना. मी म्हटलं, थोडा जोर लावावा. मग मुरुक्कू मोडल्यासारखा आवाज झाला." मुरुक्कू म्हणजे चकली.

मालकाने कपाळावर हात मारला. "अम्मा! उलटा? असा उलटा दुमडायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

दुकानात टक् टक् थांबली होती. मालक विचारत होता टीचरांना आणि बघत होता रायरांकडे. तो त्या दुकानात लहानाचा मोठा झालेला. ते वाक्य त्याने हजार वेळा ऐकलं असेल. टीचरांनीही रायरांकडे बघितलं. रायरांचे हात काचेवर उघडे पडले होते, रिकामे, स्थिर. मी ते तसे कधी पाहिले नव्हते.

"कुणी नाही," टीचर म्हणाल्या. "माझंच डोकं."

आणि रायर काही बोलले नाहीत. मीही नाही.

मालकाने फोन ठेवून घेतला, कंपनीकडे पाठवतो म्हणाला. पाठवण्याआधी अर्ज भरला: ग्राहकाकडून चुकीच्या दिशेने दाब. म्हणजे कंपनी काही भरून देणार नाही. टीचरांनी सही केली आणि रिकाम्या हाताने बस पकडली. सहाचे वर्ग पुन्हा जुन्या फोनवर, कूजाला टेकवून. परदेशातल्या दोन मुलांनी तर मधल्या दिवसांतच शिकवणी सोडली, आवाज येतो पण बोटं दिसत नाहीत म्हणून. हे त्यांनी निघताना मला सांगितलं, तक्रार म्हणून नाही. पाऊस पडतोय असं सांगावं तसं.

चार दिवस रायर कामावर आले आणि कशालाही हात लावला नाही. बिलं सरळ पडून राहिली. मला ते सहन होईना. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं. लाखाच्या घरातली वस्तू एका दाबात मरते, कंपनी हात झटकते, म्हाताऱ्या शिक्षिकेची रोजी बुडते. वाक्यावाक्याला ठिणगी. बस स्टँडवर वाटायचं ठरवलं होतं.

त्यांनी सगळं वाचलं. दोनदा. दुमडलं नाही.

"यात माझं वाक्य कोठे आहे?"

"कुठलं?"

"तुला माहीत आहे कुठलं."

"ते घातलं तर तुमची नोकरी जाईल."

"मग तू इतकं लिहिलंस, ते एक सोडून." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "टीचर माझ्यासाठी खोटं बोलली. ती बोलली तेव्हा मी गप्प बसलो. तीस वर्षं हे तोंड उघडं होतं, नेमकं तेव्हाच मिटलं. आता तू पण माझ्यासाठी खोटं लिहितेस? तुझे वडील काय म्हणतील गे?"

मला कानफटात बसल्यासारखं झालं. मी पत्रक उलटं केलं. मागे कोरी जागा नव्हती, तर त्यांनी आपल्या बिलबुकातला कागद फाडून दिला. त्यांनी मराठीत सांगितलं, मी तमिळमध्ये लिहिलं. हा फोन मी विकला. विकताना मी सांगितलं की तीन महिन्यांनी घडी बदला. गिऱ्हाइकाने सांगितल्याप्रमाणे केलं. चूक गिऱ्हाइकाची नाही. खाली त्यांची सही.

मालकाने ते वाचून डोकं धरलं. "रायर, हे कंपनीला पाठवू? हसतील."

"हसू दे."

"हसून झालं की माझ्या गळ्यात घालतील. दुकानाच्या माणसाने सांगितलं, दुकानाने भरा म्हणतील."

"मुदलाळी, दुकानाच्या माणसानेच सांगितलं."

मालक वाईट माणूस नव्हता, हे मला आज लिहावं लागतं. तेव्हा मी हे लिहिलं नसतं. त्याने तो कागद खणात टाकला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "थोडे दिवस घरी बसा." थोडे दिवस म्हणजे किती ते त्याने सांगितलं नाही. रायरांनी निळा टी-शर्ट काढला, घडी घातली, काचेवर ठेवला आणि धोतर-बनियनवर बाहेर पडले. स्टूल तिथेच राहिलं.

पुढच्या रविवारी मी तिरुवैयारूला गेले. टीचरांना भेटावं, माफी मागावी, नाहीतर निदान काहीतरी करावं. घरात बसवत नव्हतं. सकाळचे सहा वाजून गेले होते. दारातून दिसलं: टीचर चटईवर वीणा घेऊन बसलेल्या, आणि त्यांच्यासमोर, भिंतीला पाठ लावून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकवून रायर. हातात टीचरांचा जुना फोन. न हलवता धरलेला. टीचर बोटं वीणेच्या वरच्या पडद्याकडे नेत तसा फोन थोडा वर जाई, खाली येत तसा खाली. धडा बदलला की ते दुसऱ्या हाताने वहीचं पान उलटून दाखवत. ज्यांचे हात दोन मिनिटं स्वस्थ बसत नसत, ते चाळीस मिनिटं असे बसले होते.

फोनमधून एका मुलीचा आवाज आला, इंग्रजीत. तिला पडद्याच्या कोपऱ्यात रोज एक अंगठा दिसायचा. "टीचर, आज अंगठा जरा वर ठेवायला सांगा ना."

"ऐकलं का अंगठे?" टीचर म्हणाल्या. रायरांनी अंगठा वर सरकवला.

वर्ग संपल्यावर मी त्यांना चहा दिला. बोटं कडक झाली होती, पेला धरता येईना. "रोज येता?"

"पाच वाजताची बस आहे. मोकळीच असते."

"किती दिवस?"

"तीन महिने," ते म्हणाले. हसले नाहीत. मला वाटतं ते त्यांनी स्वतःला ठोठावलं होतं.

दोन मुलं परत आली, असं टीचर म्हणाल्या. पण रायरांचं वय सत्तरीच्या जवळ. पाचच्या बसला उभं राहायला घरून साडेचारला निघायचं. मी परत आले ती धुमसतच. कुणावर धुमसायचं तेही कळत नव्हतं. कंपनीवर, मालकावर, की त्या संध्याकाळी स्टॉपपर्यंत न धावलेल्या स्वतःवर.

काउंटरखालचा खण साफ करताना पिवळी पिशवी सापडली. टीचर फोन देऊन गेल्या तेव्हा राहिलेली. मी ती झटकली आणि पहिल्यांदा तिच्यावरचं वाचलं. वर जुन्या दुकानाचं नाव. खाली, लाल अक्षरांत, तमिळमध्ये: पट्टूची घडी तीन महिन्यांनी बदलावी.

मी ती घेऊन थेट केबिनमध्ये गेले आणि मालकाच्या टेबलावर पसरली.

"हे काय?"

"तुमच्या अप्पांनी छापलंय."

त्याने वाचलं. "हे पट्टूबद्दल आहे."

"रायरांनी तीस वर्षं हेच सांगितलं, दुकान सांगत होतं म्हणून. तुम्ही गाद्या काढल्यात, काचा बसवल्यात, टी-शर्ट दिलात. हे वाक्य आता सांगायचं नाही, असं त्यांना कुणी सांगितलं? तुम्ही? मी तर ऐकून हसले." माझा आवाज चढला होता, बाहेर दोन्ही मुली ऐकत होत्या. "आणि उद्यापासून तो फोन मी विकणार नाही. कुणी मागितला तर सांगणार, आमच्या दुकानाच्या शब्दाने एक मोडला आहे आणि आम्ही तो शब्द खणात ठेवलाय."

मला वाटलं, गेली नोकरी. मी तयारही होते. मालक बराच वेळ पिशवीवरच्या अक्षरांवरून हात फिरवत राहिला, रायर वळावरून फिरवायचे तसा.

"अप्पा साडी द्यायचे तेव्हा हे स्वतः म्हणायचे," तो म्हणाला. "रायर नंतर म्हणायला लागले."

चार दिवसांनी त्याने मला बोलावून एक डबा दिला. आत दाखवायचा नग होता, तार काढलेला, कंपनीकडून मोकळा करून घेतलेला. "नवा देणं मला जमणार नाही. पण हा मोडणार नाही. रायरांनी वर्षभर दिवसभर उघड-मीट केलाय. अजून कुणी एवढी परीक्षा घेतली नसेल."

हेही खरं होतं. मी वळावरून अंगठा फिरवला. वळ होता. चिरला नव्हता.

हे चालणार की नाही, यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. आता दुकानांत त्याच्या चार-पाच तऱ्हा आल्या आहेत. आमच्या गावच्या बसमध्ये मला अजून एकही दिसलेला नाही. जो फुटला तर दुरुस्त करण्यापेक्षा फेकणं परवडतं, त्याच्याविरुद्ध मी अजून लिहिते. फक्त आता पत्रकात एक चौकोन सोडते, त्या एकासाठी. तिथे काय लिहावं ते अजून जमत नाही.

तो डबा आम्ही दोघांनी तिरुवैयारूला नेला. रायरांनी वाटेत तो मला धरू दिला नाही. चटईसमोर रुमाल पसरला, फोन अर्धा उघडून ठेवला. तो उभा राहिला. सहा वाजता परदेशातली मुलगी पडद्यावर आली, वीणा मांडीवर, तिची डावी बोटं स्वच्छ दिसत होती. तिने इकडेतिकडे बघितलं.

"टीचर, अंगठा कुठे गेला?"

रायर वाकले आणि पडद्यासमोर अंगठा धरला. ती हसली. टीचरांनी तार छेडली, वर्ग सुरू झाला, आणि त्यांना तिथे काही काम उरलं नाही. दुकानात परत यायला मालकाने निरोप दिला होता. ते नको म्हणाले होते. त्यांनी चपला घातल्या. उंबऱ्यापाशी वळून हात जोडले. आणि तोंड उघडलं.

टीचरांचे हात तारेवर थांबले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

त्यांनी तळहात तोंडावर दाबला, मान हलवली आणि पायऱ्या उतरले. टीचरांनी सूर पुन्हा धरला. गल्लीत चपलांचा आवाज लांब गेला, थांबला, आणि परत आला. खिडकीच्या गजांत त्यांचं तोंड दिसलं.

"टीचर, पट्टूची मात्र बदला हं!"